डाव्या कानाचा आकडा

१. निरीक्षण

"तू मागे हो," दिघे सर म्हणाले.

मी एक पाऊल मागे झाले.

"अजून."

अजून एक. पाठ कपाटाला लागली.

"ऐंशी... एक्याऐंशी... ब्याऐंशी. अगं, तू लांब गेलीस की सुधारतंय. आता ये बघू पुढे."

मी पुढे गेले, बोर्डावर वाकले. पडद्यावरचा आकडा घसरत घसरत एकोणऐंशीवर आला.

"उल्का, सकाळी काय खाल्लंस?"

"पोहे."

"कांदा घातलेले?"

"सर, प्लीज."

मंगळवार होता, सकाळचे पावणेदहा. दसऱ्याची सुटी संपून कंपनी नुकतीच उघडली होती. पुण्यात बाणेर रस्त्याला, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमची चाळीस माणसांची कंपनी होती. आम्ही चिपांचे आराखडे काढायचो. चिप बनायची परदेशात, आणि परत आली की मोजायची मी. दिघे सर प्रयोगशाळेचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली, वय सव्वीस, नोकरीला दोन वर्षं झालेली.

त्या आठवड्यात मोजायची होती ती कोडेक चिप. माइकमधून आलेल्या आवाजाचे आकडे करायचे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करून कानात सोडायचा, एवढं तिचं काम. लहान मुलांच्या श्रवणयंत्रात ती जाणार होती. दोन माइक, म्हणून चिपमध्ये दोन वाटा. आम्ही त्यांना डावा कान आणि उजवा कान म्हणायचो. माझी मोजणी सांगायला सोपी आहे. चिपला काहीच ऐकवायचं नाही, आणि गप्प असताना ती स्वतःहून किती खसखसते ते बघायचं. खसखस जितकी कमी तितका आकडा मोठा. नव्वदच्या वर उत्तम, पंच्याऐंशीच्या खाली नापास.

आदल्या गुरुवारी दोन्ही कान ब्याण्णव होते. मंगळवारी उजवा ब्याण्णवच. डावा असा:

९:४५ — ७९
९:५२ — ८२ (मी लांब)
९:५५ — ७९ (मी जवळ)
११:३० — ८६
२:१० — ९०
४:०० — ९१ (दिघे सरांनी सर्वांना चहा सांगितला)
बुधवार, ९:३५ — ७८

हा तक्ता बिघाड-नोंदीच्या छापील कागदावर आहे. कागदाला पाच रकाने आहेत. त्याची झेरॉक्स माझ्याकडे अजून आहे, अठरा वर्षं झाली. मी ही गोष्ट कागदाच्या क्रमाने सांगते आहे, कारण माझ्या क्रमाने सांगायला लागले की मी स्वतःला मध्येच कुठेतरी वगळते. आजवर दोनदा तसं झालं आहे.

२. संशयित कारण

वीजपुरवठा. (बॅटरीवर चालवून पाहिलं. फरक नाही.)

केबल. (तीन बदलल्या. नाही.)

ट्यूबलाइट, मोबाइल, लिफ्ट. (नाही, नाही, नाही.)

उल्का शितोळे.

हे शेवटचं दिघे सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि मग खोडलं. खोडलेलं अजून वाचता येतं. "माणसाच्या अंगात वीज असते," ते म्हणाले. "काहींच्या जास्त." मग त्यांनी कँटीनमधून बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणवला. बोर्ड डब्यात ठेवला, झाकण लावलं. डब्यात असताना आकडा चौऱ्याऐंशीवर थांबला. मी जवळ गेले तरी हलला नाही. दिघे सर खूश झाले, आणि दोन मिनिटांनी गोंधळले. चौऱ्याऐंशीसुद्धा नापासच होते.

मीही गोंधळले होते. हे मला नीट नोंदवायचं आहे. त्या दोन दिवसांत मला खरोखर काहीही कळत नव्हतं. सकाळी वाईट, दुपारी चांगलं, माझ्या जवळ वाईट, डब्यात मध्यम. मी घरी जाऊन आईला विचारलं की माझ्या अंगाला कसला वास येतो का.

बुधवारी अकराला ओव्हाळ आले. प्रल्हाद ओव्हाळ, वय बेचाळीस, मूळ इंदापूरचे. माइकच्या मागचा अँप्लिफायर, म्हणजे चिपचा जो भाग बारीक आवाज मोठा करतो तो, त्यांनी एकट्याने काढला होता. सहा वर्षं लागली होती. आधीच्या दोन आवृत्त्या फसल्या होत्या, ही तिसरी. दर दसऱ्याला ते नागपूरला दीक्षाभूमीला जायचे आणि परत येताना पुस्तकांनी फुगलेली पिशवी घेऊन यायचे. त्या दिवशीही ते बसमधून उतरून थेट ऑफिसात आले होते. पिशवी टेबलाखाली सरकवली आणि म्हणाले, "काय मॅडम, माझं पोरगं आजारी म्हणे."

ते मला मॅडम म्हणायचे, थट्टेने. सगळ्यांसमोर, अगदी ठासून.

"डावा कान, सर."

"आणि शुक्रवारी कोण येणार आहे, आठवतंय?"

आठवत होतं. हैदराबादच्या पद्मजा राव. श्रवणयंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या त्या मुख्य इंजिनिअर. शुक्रवारी माझा कागद बघून त्या ठरवणार होत्या. आकडे बरोबर असतील तर चिप आहे तशी. नसतील तर चिपमधला ओव्हाळांचा अँप्लिफायर काढायचा आणि त्याच्या जागी बाहेरच्या कंपनीचा तयार भाग विकत घेऊन बसवायचा. चौथी आवृत्ती मिळणार नाही, हे मालकांनी ओव्हाळांना लेखी कळवलं होतं. नव्या आवृत्तीची बोर्डावर बसवलेली चिप एकच होती. बाकीच्या बसवून मिळायला अजून दहा दिवस होते.

ओव्हाळांनी डब्याचं झाकण काढलं. बोर्ड लाल रंगाचा होता, तळहाताएवढा. त्यांनी तो उचलला नाही, नुसता पाहिला.

"बोर्डाला हात कुणी कुणी लावला?"

"मोजायला मीच लावते की, सर."

हे खरं होतं.

दिघे सर खुर्ची फिरवत म्हणाले, "ओव्हाळ, राग मानू नका. पण शुक्रवारी आपण सगळ्या यंत्रांची पूजा केली. तेव्हापासून बाकीची सगळी यंत्रं सुतासारखी सरळ आहेत. तुमच्याच बोर्डाला तेवढं काही लावलं नव्हतं."

"सर, कुंकवाने आकडा वाढत असता तर मी सहा वर्षं कशाला घासली असती? पोतंच आणलं असतं."

दिघे सर पोट धरून हसले. ओव्हाळही हसले. मीसुद्धा हसले, आणि हसताना माझं लक्ष पडद्याकडे गेलं. आकडा खाली आला होता.

३. केलेली कृती

गुरुवारी सकाळी साडेनऊला ओव्हाळ कँटीनमधून शीतपेयाची एक नळी घेऊन आले.

"मॅडम, तुम्ही जवळ आलात की बिघडतं. दिघे सर जवळ गेले तर?"

"त्यांनी बघितलंच नाही. ते लांबून बघतात."

"मी जातो." ते वाकले. आकडा पडला. "बघा, माझ्याही अंगात वीज आहे. आता श्वास रोखतो." त्यांनी गाल फुगवून श्वास रोखला. पाच सेकंद, दहा, पंधरा. आकडा हळूहळू वर सरकायला लागला. त्यांनी श्वास सोडला आणि तो पुन्हा पडला.

"माणूस नाही हो," ते म्हणाले. "श्वास. श्वासातली ओल."

मग सगळं एका मिनिटात लागलं, म्हणजे त्यांच्या डोक्यात. रात्री एसी बंद, दमट हवा, सकाळी वाईट. दिवसभर एसी चालला की हवा कोरडी, दुपारी चांगलं. डब्यात माझा श्वास पोचत नाही, पण आतली ओल आतच. त्यांनी नळीचं एक टोक तोंडात धरलं आणि दुसरं बोर्डाच्या एकेका भागावर नेत हळूच फुंकत गेले. उजवीकडे काही नाही. वरती काही नाही. डावीकडच्या कोपऱ्यापासून चिपच्या पायांकडे येताना आकडा एकदम शहात्तर.

"इथं," ते म्हणाले. "माइकला वीज देणारा पाय आणि आवाज घेणारा पाय, यांच्या मधे काहीतरी बसलंय. ओल धरणारं. त्यातून वीज झिरपतीये. माझा अँप्लिफायर ते झिरपणं इमानदारीत शंभर पट मोठं करून दाखवतोय बिचारा."

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणता येणार नाही. सहा वर्षं मूल वाढवलेल्या माणसाला कुणीतरी सांगावं की ते आजारी नाही, अंगावर नुसती माती आहे, तसं काहीतरी. तेवढ्यात मालकांच्या केबिनमधून त्यांना बोलावणं आलं.

"स्पिरिटने पुसून घ्या, मॅडम. आलोच मी."

मी कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवली आणि चिपच्या पायांमधून फिरवली. काडी गुलाबी झाली.

इथे मला मागे जावं लागेल. रकान्यात त्यासाठी जागा नाही.

गुरुवारी, म्हणजे दसऱ्याच्या आधीच्या, नागपूरला निघताना ओव्हाळ माझ्या टेबलापाशी आले होते. "उद्या तुमची पूजा," ते म्हणाले. "सगळ्या यंत्रांना लावा, हार घाला, काय करायचं ते करा. माझ्या बोर्डाला तेवढं काही लावू नका." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दिघे सरांनी ताट माझ्या हातात दिलं, कारण प्रयोगशाळेत बाई मी एकटीच. मी मोजयंत्राला लावलं, वीजपुरवठ्याला लावलं, सोल्डरिंगच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाला लावलं. सगळे पेढ्यांकडे वळले. बोर्ड तसाच होता, एकटा. पुढच्या शुक्रवारी त्याची परीक्षा होती. मला वाटलं, एक ठिपका. कोपऱ्यात, चिपपासून लांब. कुणाला कळतंय? त्यांच्या भल्यासाठीच तर.

बोट ओलं होतं.

मंगळवारी सकाळी साडेआठला, सगळ्यांच्या आधी येऊन मी तो ठिपका ओल्या टिश्यूने पुसला. ओव्हाळ बुधवारी येणार होते, त्यांना दिसायला नको. लाल बोर्डावर नीट पुसला गेला की नाही ते दिसत नव्हतं. मला वाटलं, गेला. तो गेला नव्हता, पसरला होता. कोपऱ्यातून थेट चिपच्या पायांपर्यंत मीच तो नेला होता.

आणि तरीही मंगळवारपासून गुरुवारपर्यंत मला हे सुचलं नाही. लोकांचा यावर विश्वास बसत नाही. माझाही कधी बसतो, कधी नाही.

पुसून झाल्यावर डावा कान ब्याण्णव. मी जवळ, ब्याण्णव. मी वाकून तोंडाने फुंकलं, ब्याण्णव.

ओव्हाळ परत आले. आकडा बघून त्यांनी टेबलावर थाप मारली. "काय निघालं?"

"मळ."

"कसला?"

"कळलं नाही, सर."

ते कचऱ्याच्या टोपलीकडे बघत होते की टोपलीपलीकडच्या खिडकीकडे, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

४. खरे कारण

अज्ञात दूषण.

हे माझं अक्षर आहे. खाली दिघे सरांची आद्याक्षरं.

शुक्रवारी पद्मजा राव आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात स्पोर्ट्‌स शूज. त्या इंग्रजीत बोलत होत्या आणि मधूनच हैदराबादी हिंदीत. त्यांनी कागद सावकाश वाचला. ब्याण्णव, ब्याण्णव. मान हलवली. मग चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे अज्ञात म्हणजे काय?"

दिघे सर म्हणाले, "काहीतरी मळ होता, मॅडम. पुसला. आता एकदम ओके."

"तो आला कुठून?"

"प्रयोगशाळेत धूळ असते थोडी..."

"धुळीने चौदा कमी होतात?" त्यांनी चष्मा काढला. "माझं यंत्र चार वर्षांच्या मुलाच्या छातीवर लटकतं. ते मूल घामेजतं, रडतं, यंत्रावर दूध सांडतं. आम्ही बोर्डाला वरून लेप देतो, त्यामुळे बाहेरच्या घाणीची मला भीती नाही. पण ही घाण चिपच्या आतूनच झिरपत असेल तर? वेष्टनातून? ती चार महिन्यांनी पुन्हा आली तर? कारण माहीत नसताना मी हा माइकचा भाग घेऊ शकत नाही. बाकीची चिप ठेवू. हा भाग बदला."

ओव्हाळ माझ्या समोर बसले होते. त्यांच्यासमोर एक कोरी वही होती आणि त्यांनी पेनचं टोपण काढलेलं होतं.

"मोजलं कोणी?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"पुसलं?"

"मीच."

"मग तुला तरी काही दिसलं असेल. रंग? वास? चिकट होतं?"

माझ्या तोंडात एक शब्द तयार होता. त्याच्यामागे बाकीचं सगळं होतं. ओव्हाळांनी नको सांगितलं होतं, मी मान डोलावली होती, आणि तरी लावलं. आणि मग लपवलं. आणि मग मळ म्हणाले. एक शब्द काढला की ते सगळं रांगेने बाहेर येणार, दिघे सरांच्या समोर, बाहेरच्या बाईच्या समोर, त्यांच्या समोर.

"लक्षात नाही," मी म्हणाले.

"एकदा आठवून बघ."

"नाही, मॅडम."

पद्मजाबाईंनी चष्मा डब्यात ठेवला. डबा बंद केला.

"कुंकू," ओव्हाळ म्हणाले.

"काय?"

"कुंकू होतं. मी लावलं होतं."

दिघे सर खुर्चीत पुढे झाले. "तुम्ही? ओव्हाळ, तुम्ही?"

"नागपूरला निघालो त्या संध्याकाळी. ताट तुम्ही आणून ठेवलंच होतं. म्हटलं, तिसरी आवृत्ती आहे. मग निघता निघता लाज वाटली, ओल्या कागदाने पुसलं. ते पसरलं."

"पण बुधवारी तर तुम्ही आम्हाला पोतं वगैरे..."

"तेच. लाज वाटली."

ते पद्मजाबाईंकडे वळले आणि इंग्रजीत, अगदी सपाट आवाजात, त्यांनी सगळं समजावलं. कुंकवात हळद आणि चुना असतो, ओलं झालं की वीज वाहतं, कुठल्या दोन पायांच्या मधे ते गेलं, सकाळ आणि दुपारचा फरक का पडला. "शंका असेल तर आत्ता करून दाखवतो," ते म्हणाले.

दिघे सरांच्या कपाटातून ताट आलं. आम्ही सगळे मोजयंत्राभोवती उभे राहिलो. ओव्हाळांनी पाण्यात बोट बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि स्वतःच्या बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात ठिपका लावला. मग टिश्यूने पुसला, चिपच्या दिशेने, जसा मी पुसला होता तसाच. आकडा सत्त्याहत्तर. स्पिरिट. आकडा ब्याण्णव.

पद्मजाबाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "आमच्याकडेही आयुधपूजा असते," त्या म्हणाल्या. "आम्ही यंत्राला गंध लावतो. पण बोर्डाला कुणी लावत नाही, बाबा!" आणि त्यांनी ओव्हाळांशी हात मिळवला. त्यांच्या बोटाचं कुंकू बाईंच्या तळव्याला लागलं.

अँप्लिफायर राहिला.

५. जबाबदार व्यक्ती

पद्मजाबाईंना दुरुस्त केलेला कागद सोबत न्यायचा होता. मी 'अज्ञात दूषण' खोडून 'कुंकू' लिहिलं. पाचवा रकाना उरला. पेन थांबलं.

"लिहा ना, मॅडम," ओव्हाळ म्हणाले. "पी. के. ओव्हाळ."

मी लिहिलं. खाली सही केली.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. ते पुस्तकांची पिशवी स्कूटरच्या पायाशी बसवत होते. बुधवारपासून ती टेबलाखालीच राहिली होती.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"गुलाबी कापूस टोपलीत वरच होता."

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

"वाट बघितली की. बाईंनी तीनदा विचारलं तुम्हाला."

मला वाटलं आता ते चिडतील. मला ते हवं होतं, असं आता वाटतं. पण ते पिशवीचा बंद ओढत राहिले.

"मी सांगितलं असतं, की मी नको म्हटलेलं असताना हिने माझ्या बोर्डाला कुंकू लावलं," ते म्हणाले, "तर काय झालं असतं? मी तक्रार करणारा झालो असतो. मग त्या खोलीत बोर्डावर नाही, माझ्यावर बोलणं झालं असतं. ओव्हाळांना एवढ्याशा गोष्टीचं केवढं लागतं. मला आज तक्रार नको होती. अँप्लिफायर हवा होता."

"मी सोमवारी दिघे सरांना सांगते."

"सांगा."

त्यांनी किक मारली. पहिल्या किकेला स्कूटर सुरू झाली नाही. दुसऱ्यालाही नाही. मी तिथेच उभी होते, आणि मला तिथून जावं की थांबावं हे कळत नव्हतं.

सोमवारी दिघे सर रजेवर होते. मंगळवारी चिपचा करार झाला आणि मालकांनी सगळ्यांना जेवायला नेलं. बुधवारी मला वाटलं, आता विषय काढणं बरं दिसेल का. मग मला रोज काहीतरी वाटत गेलं.

कागदाच्या मागे

मागची बाजू कोरी आहे. इथलं मी कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी दिघे सरांनी पूजा दोन दिवस आधीच ठेवली, बुधवारी. "ओव्हाळ गुरुवारच्या गाडीने जातात," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "त्यांची चुकायला नको." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. वर्षभर ते ओव्हाळांशी पूर्वीपेक्षा जास्त प्रेमाने वागत होते. खांद्यावर हात ठेवायचे. नव्या माणसांना ती गोष्ट रंगवून सांगायचे: एवढा मोठा डिझायनर, पण शेवटी त्यालाही वाटलंच. ऐकताना ओव्हाळ चहाच्या कपात बघायचे. मला मॅडम म्हणणं त्यांनी सोडलं नव्हतं, पण आता त्यात थट्टा ऐकू येत नव्हती. की मीच ऐकत नव्हते?

ताट दिघे सरांनी स्वतः त्यांच्या हातात दिलं. "यंदाचा मान तुमचा. आपली चिप कुंकवावर पास झालीय!"

पंधरा-सोळा माणसं गोल उभी होती. ओव्हाळ ताट धरून होते, आणि ते जसं कुणीतरी आपलं नसलेलं मूल हातात द्यावं तसं धरलेलं होतं.

"सर," मी म्हणाले, "ते मी लावलं होतं."

"काय गं?"

"गेल्या वर्षी. बोर्डाला कुंकू. ओव्हाळ सरांनी नाही, मी लावलं. त्यांनी मला नको म्हणून सांगितलं होतं, तरी लावलं. मीच पुसलं."

मग दिघे सरांचा चेहरा कौतुकाने भरून आला.

"बघा," ते म्हणाले. "ओव्हाळ संकोचतायत हे बघून पोरगी त्यांची बाजू घ्यायला निघाली. अगं, कशाला? यात लाजण्यासारखं काय आहे?"

"सर, मी खरं सांगतेय."

"कागद माझ्या फायलीत आहे, उल्का. तुझं अक्षर. तुझी सही."

"ते खोटं लिहिलं होतं."

"मोजणीच्या कागदावर? तू?" ते हसले, आणि त्यांच्यामागे बाकीचे. "ज्या मुलीने अर्ध्या आकड्यासाठी मला तीनदा खाली-वर करायला लावलं, ती? ओव्हाळ, आता तुम्हीच सांगा हिला."

ओव्हाळांनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द त्यांनी म्हणायचा होता. हो. एवढाच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि तो येईल अशी माझी खात्री होती.

"आता कशाला, उल्का," ते म्हणाले.

मग त्यांनी वाटीतल्या पाण्यात बोट बुडवलं, झटकलं, पुन्हा झटकलं, आणि ते जवळजवळ कोरडं होईपर्यंत थांबले. "पाणी कमी घ्यायचं," ते नव्या लोकांना म्हणाले. "नाहीतर पसरतं." मोजयंत्राच्या वरच्या कडेला, मधोमध, त्यांनी एक ठिपका लावला. अगदी नेमका.

कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मीही वाजवल्या.